कॅप्सूल एंडोस्कोपीत लहान आतड्याला सूज निघाली; पुढे काही वर्षांनी काय झालं? अनुभव हवेत

मृणाल_ठाणे

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. वय २९, नोकरी लोअर परळला, सुट्टीच्या दिवशी क्रिकेट. गेलं वर्षभर त्याचं हिमोग्लोबिन वर यायला तयार नाही. लोहाच्या गोळ्या घेतल्या की थोडं चढतं, बंद केल्या की पुन्हा खाली. पोट अधूनमधून दुखतं, पण कामावर खाडा पडावा असं नाही. वरून एंडोस्कोपी झाली, खालून कोलोनोस्कोपी झाली, दोन्ही नॉर्मल. मग छोटा कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळायला लावली. रिपोर्टात लहान आतड्यात दोन ठिकाणी सूज आणि बरेच बारीक व्रण आहेत. लुईस स्कोअर ४५०, म्हणजे म्हणे 'सौम्य'. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातली सूज दाखवणारी) १८० आली.

आता एक डॉक्टर म्हणतात टीबीची औषधं सुरू करून बघू. दुसरे म्हणतात घाई नको, कारण शोधू आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासू. आईने 'क्रोन्स' (आतड्याला सूज आणणारा जन्माचा आजार) हा शब्द ऐकल्यापासून जेवण सोडल्यात जमा आहे.

नेटवर रोगाची माहिती भरपूर आहे. मला माणसं हवी आहेत. ज्यांच्या किंवा ज्यांच्या घरच्यांच्या कॅप्सूलमध्ये असं काही निघालं आणि त्याला आता चार-पाच वर्षं झाली, ते आज कसे आहेत? वाईट अनुभवही लिहा, लपवू नका.

गिरगाव_कट्टा

अनुभव नाही, पण धागा वाचतोय. भावाला लवकर बरं वाटो.

केदार_खारघर

मृणालताई, माझी गोष्ट बरीचशी तुमच्या भावासारखी सुरू झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पळतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी ऑगस्टपासून, आणि गुडघा सप्टेंबरपासून. दुखलं की डायक्लोफेनॅक, सोबत ॲसिडिटी नको म्हणून सकाळी पँटोप्राझोल. वाटायचं, पोटाची काळजी घेतलीये. हिमोग्लोबिन घसरलं, तपासण्या झाल्या, कॅप्सूलमध्ये लहान आतड्यात खरचटल्यासारखे व्रण सापडले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारला आणि दुसरा प्रश्न विचारायची वेळच आली नाही.

त्यांनी सांगितलेली गोष्ट इथे प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ॲसिडिटीची गोळी जठराला वाचवते. त्याच्या खाली सहा मीटर लहान आतडं आहे, तिथे तिचा उपयोग नाही. डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक मात्र तिथपर्यंत पोचून अस्तर सोलतं. मी पुढे वाचलं, तर २००५ साली ४० निरोगी लोकांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक आणि सोबत ॲसिडिटीचं औषध देऊन कॅप्सूल केली होती. ६८ टक्के लोकांच्या लहान आतड्यात नवीन जखमा दिसल्या. दोन आठवड्यांत!

गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी पुन्हा कॅप्सूल केली, आतडं स्वच्छ. त्याला आता पाच वर्षं होतील. हिमोग्लोबिन १४ च्या वर. दुखलं तर पॅरासिटामॉल आणि बर्फ, बाकी फिजिओ. भाऊ क्रिकेट खेळतो म्हणालात, त्याला खांद्याबद्दल विचारा.

मृणाल_ठाणे

केदार, खूप आभार. आत्ताच फोन केला. तो फास्ट बोलर आहे. म्हणाला, "मॅचच्या आधी एक घेतो, सगळेच घेतात." कुठली ते विचारलं तर म्हणे किट बॅगेत पडलेली असते ती. डॉक्टरांना हे सांगितलंस का, तर म्हणे "त्यांनी रोजची औषधं विचारली, ही रोजची थोडीच आहे."

वसंतराव_मुलुंड

माझं वय ७३. एक सूचना करतो. केदार यांचं वाचून कोणी आपली ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये. मला स्टेंट आहे. रक्तक्षय झाला तेव्हा माझ्याही कॅप्सूलमध्ये व्रण दिसले आणि संशय ॲस्पिरिनवरच होता. पण हृदयाचे डॉक्टर आणि पोटाचे डॉक्टर एकमेकांशी बोलले, मगच औषधांत बदल झाला. स्टेंट असलेल्याने ॲस्पिरिन मनाने थांबवली तर आतडं बरं होईल आणि माणूस जाईल. व्रण अजून थोडे आहेत. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो, गरज पडली की लोहाचं इंजेक्शन घेतो, रोज सकाळी फिरायला जातो.

शशांक_बोरिवली

सरळ बोलतो. आपण मुंबईत राहतो. लोकलमध्ये रोज किती लोकांच्या श्वासात श्वास घेतो. इथे आतड्याला व्रण म्हणजे टीबी धरून चालावं, सहा महिने औषध घ्यावं, मोकळं व्हावं. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांना असंच दिलं, दोघे बरे आहेत. कारण शोधत बसण्यात वर्ष जातं.

सविता_पार्ले

शशांक, टीबीची केस आमच्याच घरी होती, तरी तुमच्याशी सहमत नाही.

माझ्या मिस्टरांना संध्याकाळचा बारीक ताप, वजन नऊ किलोने कमी, जेवल्यावर पोट फुगून गुडगुड. कॅप्सूल द्यायच्या आधी सीटी एंटरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा सीटी स्कॅन केला, कारण आतडं कुठे अरुंद असेल तर कॅप्सूल अडकते. अरुंद निघालंच, म्हणून कॅप्सूल रद्द केली आणि बलून एंटरोस्कोपी करून, म्हणजे फुगा लावलेली दुर्बीण लहान आतड्यात नेऊन, तपासणीसाठी तुकडा काढला. बायोप्सीत आणि जीन एक्स्पर्ट या टीबीच्या जंतूच्या तपासणीत टीबी पक्का झाला. मग सहा महिन्यांची औषधं, सरकारी नोंदणी, टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकार देतं ते निक्षयचे पैसे, सगळं झालं. (ते तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. ज्यांना गरज आहे त्यांनी सोडू नका.)

आज सहा वर्षं झाली. टीबी गेला तो गेलाच, पुन्हा आला नाही. पण आतड्याची जागा बरी होताना आकसली. दोन वर्षांनी अडथळा आला, उलट्या, रात्री ॲडमिट. सुदैवाने ऑपरेशन टळलं, दुर्बिणीतून फुग्याने ती जागा रुंद केली. तेव्हापासून शेवगा, उसाचे करवे, माठाचे देठ, संत्र्याच्या फोडीची साल, काही म्हणजे काही चोथा पोटात जाऊ देत नाही. शेंगेची आमटी झाली की त्यांना नुसता गर काढून देते, लग्नकार्यात शेजारी बसून ताटावर लक्ष ठेवते. जंतू मेले तरी व्रण आपला माग सोडून जातो, हे आम्हाला आधी कोणी बोललं नव्हतं.

पुरावा होता म्हणून औषध घेतलं. पुरावा नसता तर घेतलं असतं का, सांगता येत नाही.

परळची_रेसिडेंट

मी गॅस्ट्रो विभागात काम करते. कोणाचं निदान इथे करणार नाही. पण शशांक यांचं मत रोज ओपीडीत ऐकते, म्हणून लिहितेय.

टीबी आणि क्रोन्स दोन्ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, मोठ्या आतड्याला जिथे ते मिळतं तिथे, बसायला आवडणारे रोग. दिसायला सारखे, कधीकधी बायोप्सीतही सारखे. म्हणून संशय जास्त असेल तेव्हा टीबीची औषधं देऊन बघण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि ती चूक नाही. पण 'देऊन बघणे' यातला 'बघणे' हा भाग लोक सोडून देतात. दोन-तीन महिन्यांनी नुसतं "बरं वाटतंय का" विचारून चालत नाही, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही या औषधांवर थोडं बरं वाटू शकतं. व्रण भरले का ते डोळ्यांनी पाहावं लागतं. भरले नाहीत तर टीबी नाही किंवा औषधाला दाद न देणारा टीबी आहे, आणि दोन्हीत पुढचं पाऊल लगेच उचलावं लागतं. क्रोन्स असताना टीबीच्या औषधांत महिने गेले तर तेवढ्यात आतडं अरुंद होण्याची शक्यता वाढते. उलट चूक त्याहून वाईट. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो.

मृणाल, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. लुईस स्कोअर म्हणजे सूज किती, व्रण किती, आतडं अरुंद आहे का, याचं गणित. १३५ च्या खाली नगण्य, १३५ ते ७९० सौम्य, त्यावर मध्यम ते तीव्र. हा आकडा सूज मोजतो. ती कशामुळे आहे, हे त्याला कळत नाही. पूर्ण निरोगी लोकांची कॅप्सूल केली तरी साधारण दहातल्या एकाच्या आतड्यात एखादा बारीक ओरखडा दिसतो. त्यामुळे दोन-तीन ठिपक्यांवर कोणाच्या कपाळी जन्माचा रोग लिहू नये. तुमच्या भावाचे व्रण त्याहून जास्त आहेत, रक्तही जातंय, तेव्हा दुर्लक्षही नको.

पुढे काय होतं ते कारणावर ठरतं. वेदनाशामकांचे व्रण गोळी थांबली की बहुधा भरतात. टीबी औषधाने जातो, व्रण आतड्याला गोल वेढणारे असतील तर सविताताईंनी लिहिलं तसं आकसणं मागे राहू शकतं. क्रोन्स जात नाही, पण दाबून ठेवता येतो. आणि एक चौथा गट आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही: सगळ्या तपासण्या करूनही कारण न सापडलेले. त्यातल्या बऱ्याच जणांची सूज आपोआप कमी होते किंवा तेवढीच राहते, आणि काहींचं चित्र काही वर्षांनी क्रोन्स म्हणून स्पष्ट होतं. सुरुवातीचा स्कोअर जास्त, वजन घटणं, कॅलप्रोटेक्टिन चढतं राहणं, अशांकडे जास्त लक्ष ठेवतात. क्रोन्स असेल तर वरचं लहान आतडं, म्हणजे जेजुनम, त्यात सापडणं हे शेवटच्या भागापेक्षा जड मानतात. तिथे आकसण्याचं आणि ऑपरेशनचं प्रमाण जास्त असतं. रिपोर्टमध्ये जागा नीट वाचा.

कॅप्सूलची मर्यादा एकच, पण मोठी आहे. ती बघते, तुकडा आणत नाही.

पप्पू_चेंबूर

डॉक्टर, एक शंका. कॅप्सूल परत द्यायची असते का? आमच्या आजीने मामाला आठवडाभर सुनावलं होतं, "एवढे पैसे भरलेस, कॅमेरा शोधून धुऊन घे, नातवंडांचे फोटो काढू."

परळची_रेसिडेंट

आजींना नमस्कार. नाही, एकदाच वापरायची असते. फोटो कमरेच्या पट्ट्यावरच्या रेकॉर्डरमध्ये आधीच साठलेले असतात, पन्नास हजारांच्या वर. पण ती बाहेर पडली का, याकडे लक्ष हवं. पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही.

अनिकेत_कल्याण

अवांतर: ही कॅप्सूल काढणारा गॅव्रिएल इद्दान हा इस्रायली इंजिनिअर क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यावर काम करायचा. लक्ष्य शोधणारा कॅमेरा त्याने पोटात पाठवला. २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याआधी लहान आतड्याचा बराचसा भाग ऑपरेशनशिवाय असा नीट पाहताच येत नव्हता. २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद. मी गिळलीये, मोठ्या जांभळाच्या बीपेक्षा जड गेली नाही.

पूर्वा_दादर

मला क्रोन्स आहे. मृणाल, तुम्ही वाईटही लिहा म्हणालात, म्हणून दोन्ही लिहिते.

आठ वर्षांपूर्वी माझी कॅप्सूल झाली. रिपोर्ट 'सौम्य', स्कोअर तुमच्या भावापेक्षा कमी. वेदनाशामक नाहीत, टीबीचा पुरावा नाही, बायोप्सीत फक्त 'अविशिष्ट सूज', म्हणजे कारण न सांगणारी. मला चौथ्या गटात ठेवलं. दर सहा महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन. आकडा १५०, २१०, मग ४००, मग ९००. मला विशेष काही होत नव्हतं! म्हणजे डबा खायचे, ऑफिसला जायचे, गणपतीत मोदक वळायचे. फक्त आकडा चढत होता. दोन वर्षांनी पुन्हा कॅप्सूल, स्कोअर हजाराच्या पुढे. मग नाव मिळालं.

आधी बुडेसोनाइड हे स्टेरॉइड, मग प्रतिकारशक्ती दाबणारी ॲझाथायोप्रिनची गोळी. त्याच्याआधी एक जनुकीय तपासणी केली, एनयूडीटी१५ नावाची. आपल्याकडच्या काही लोकांच्या पांढऱ्या पेशी या गोळीने एकदम खाली येतात, म्हणून. कोणाला ही गोळी सुचवली तर तपासणीबद्दल जरूर विचारा. ती गोळी पुरली नाही, म्हणून ॲडालिमुमॅबची इंजेक्शनं. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी, कारण हे औषध झोपलेला टीबी उठवतं. इंजेक्शन फ्रिजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवायचं, मांडीवर घ्यायचं. माझी लहान मुलगी कापूस धरून उभी असते.

वाईट हे की निदानानंतरची पहिली दोन वर्षं मी लोकलचा प्रवास स्टेशनांवरच्या स्वच्छतागृहांवरून ठरवत होते. गाडीत सोय नसते, आणि दादर ते अंधेरी हे अंतर मला कधीकधी पार होत नसे. बी१२ ची कमतरता आली, कारण ते शोषणारा आतड्याचा शेवटचा भागच आजारी होता. त्याची इंजेक्शनं चालू आहेत. एकदा आतड्याचा तुकडा काढावा लागेल इथपर्यंत बोलणं आलं होतं.

चांगलं हे की तो काढावा लागला नाही. मागच्या वर्षीच्या कॅप्सूलमध्ये व्रण नाहीत. मधे मुलगी झाली, रोग शांत असताना डॉक्टरांना विचारून. नोकरी तीच आहे.

पुन्हा पुन्हा तपासल्यामुळे माझं आतडं आकसायच्या आत रोग सापडला. तुमच्या भावाचं निदान आज झालं नाही तरी चालेल, पण पुढची तारीख ठरवल्याशिवाय डॉक्टरांच्या केबिनमधून उठू नका.

शशांक_बोरिवली

पूर्वाताई, परळच्या डॉक्टर, वाचलं. पुराव्याशिवाय द्या असं आता म्हणणार नाही. पण गरिबाला एंटरोस्कोपी कुठे परवडते, हाही प्रश्न आहे. तो रांगेत असतानाच वजन घटत जातं.

परळची_रेसिडेंट

अगदी बरोबर, आणि म्हणूनच कधीकधी औषध सुरू करावं लागतं. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत या तपासण्या पुष्कळ कमी खर्चात होतात, रांग मात्र असते. औषध सुरू करताना कॅलप्रोटेक्टिन आणि वजन लिहून ठेवलं आणि पुढची दुर्बीण तपासणी आधीच ठरवली, तर निम्मं काम होतं.

ताकाचा_भोक्ता

इतकी औषधं! रोज जेवणानंतर ताक आणि गव्हाची पोळी बंद, एवढ्यावर माझ्या मेव्हण्याचं पोट सुधारलं. एकदा करून बघा.

मानसी_वसई

ताक प्या हो, पण गहू मनाने बंद करू नका. लोक गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिॲक, तोही लहान आतड्याचाच आजार, रक्तक्षय हे त्याचंही एक लक्षण. त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. गहू सोडून तपासली तर खोटी नॉर्मल येते. माझ्या जावेचं निदान असंच लांबलं. मेव्हण्यांनाही तपासून घ्यायला सांगा, पोळी सोडून सुधारले म्हणजे कदाचित तेच असेल.

ताकाचा_भोक्ता

हे खरंच माहीत नव्हतं. आज फोन करतो.

रोहिणी_घाटकोपर

मेडिक्लेमबद्दल: कॅप्सूल बाह्यरुग्ण म्हणून झाली तर बऱ्याच पॉलिसी हात वर करतात. आमच्या कंपनीने तेच केलं. आधीच डॉक्टरांकडून तपासणी का गरजेची ते लेखी घ्या आणि पूर्वमंजुरीसाठी पाठवा. आणि तयारीत एक गोष्ट: लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात, नाहीतर आतडं काळं दिसतं आणि फोटो वाया जातात.

मृणाल_ठाणे

सगळ्यांचे आभार. दोन महिन्यांनी परत लिहितेय.

किट बॅग रिकामी केली. आयबुप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक, दोन्ही वेदनाशामकांच्या अर्ध्या अर्ध्या पट्ट्या. डॉक्टरांसमोर ओतल्या. त्यांनी सगळं थांबवलं. सीलिॲकची तपासणी निगेटिव्ह. व्रण जेजुनममध्येही होते, म्हणून बलून एंटरोस्कोपी केली. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (टीबी किंवा क्रोन्समध्ये दिसणारा पेशींचा पुंजका) नाही, टीबीचा जंतू नाही, 'अविशिष्ट सूज'. टीबीची औषधं सुरू केलेली नाहीत. हिमोग्लोबिन १०.२ वरून १२.१. कॅलप्रोटेक्टिन १८० चं ९५.

तो खूश आहे. मला मात्र पूर्वाचे शब्दच आठवतात, तिच्याही बायोप्सीत हेच लिहिलं होतं. आई विचारते, "म्हणजे नक्की काय झालंय त्याला?" काय सांगू?

केदार_खारघर

उतरणारा आकडा आहे, ताई. माझाही असाच उतरला होता.

पूर्वा_दादर

आईंना खरं तेच सांगा. बहुतेक गोळ्यांमुळे झालंय, खात्री सहा महिन्यांनी होईल. माझा आकडा चढत होता, त्याचा उतरतोय, हा फरक लहान नाही. आणि ९५ अजून ५० च्या खाली आलेला नाही, म्हणून पुढची तपासणी चुकवायची नाही. तो सिगारेट ओढत असेल तर ती आजच बंद. क्रोन्स असेल तर ती रोग वाढवते, नसेल तरी काही बिघडत नाही.

परळची_रेसिडेंट

पूर्वाला अनुमोदन. आणि सहा महिने थांबायचं नाही अशी लक्षणं लिहून ठेवा: रात्री झोपेतून उठवणारं पोटदुखणं, जेवणानंतर पोट फुगून उलटी, संध्याकाळचा ताप, काळी शौच, कारण नसताना वजन घटणं. गुदद्वाराशी गळू किंवा भगेंद्र झालं तर लाजून लपवायचं नाही. तरुण मुलगे हमखास लपवतात, आणि क्रोन्सची ती मोठी खूण असते.

मृणाल_ठाणे

विचारलं. असं काही नाही, सिगारेटही नाही. तारीख घेतली आहे, दिवाळीनंतरची. एकच व्यावहारिक प्रश्न राहिला: मागची कॅलप्रोटेक्टिन ठाण्यात केली होती, या वेळी ऑफिसजवळच्या लॅबमध्ये दिली तर चालेल का?

पूर्वा_दादर

शक्यतो तीच लॅब ठेवा. पद्धत बदलली की आकडा बदलतो आणि उगाच झोप उडते. सकाळचा नमुना, त्याच दिवशी पोचवायचा. आणि त्याआधीचे काही आठवडे वेदनाशामक अजिबात नको, मॅच असली तरी.

मृणाल_ठाणे

ठाण्यातच देते. मॅचचं कॅप्टनशी मीच बोलले आहे, या मोसमात तो फक्त बॅटिंग करणार.